तोंडातला खुंटा: दातांच्या तारांबरोबर बसवलेल्या मिनी-स्क्रूंचा दीड वर्षाचा अनुभव

पंधराव्या वर्षी माझ्या वरच्या जबड्यातल्या दोन उपदाढा काढल्या, तारा लावल्या, आणि पुढे आलेले दात आता मागे जातील असे मला सांगण्यात आले. ते गेले नाहीत. काढलेल्या उपदाढांची जागा भरली खरी, पण पुढचे दात मागे जाण्याऐवजी मागच्या दाढाच पुढे सरकल्या आणि मोकळी जागा त्यांनी गिळून टाकली. यात बराचसा दोष माझाच होता. दाढा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी मला हेडगिअर दिले होते. मानेमागून पट्टा घेऊन तोंडातल्या तारेला अडकवायचे ते अवजड प्रकरण रोज किमान बारा तास वापरायचे होते आणि मी ते आठवड्यातून जेमतेम दोनदा, तेही आई खोलीत डोकावेपर्यंतच, लावत असे. वीस-एकवीस वर्षांनी मी पुन्हा तशाच एका खुर्चीत जाऊन बसले, तेव्हा माझ्या फायलीवरून नजर फिरवून डॉक्टरबाई एवढेच म्हणाल्या, "या वेळी आपण तुमच्यावर विसंबून राहायचं नाही." मला या वाक्याचा राग यायला हवा होता, पण हायसे वाटले.

त्यांना म्हणायचे होते ते साधन म्हणजे टेम्पररी अँकरेज डिव्हाइस, म्हणजे दात ओढताना तात्पुरता आधार देणारा, जबड्याच्या हाडात बसवायचा छोटा स्क्रू. व्यवसायातले लोक त्याला 'टॅड' म्हणतात, पण दवाखान्यात स्वागतकक्षापासून खुर्चीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'स्क्रू' हाच शब्द असतो. हे साधन दीड वर्ष तोंडात बाळगल्यानंतर त्याचे गुण आणि दोष दोन्ही सांगावेत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी दंतवैद्य नाही, परंतु एकदा उपचार फसल्यामुळे या वेळी मी प्रश्न विचारण्यात आणि वाचण्यात कसूर केली नाही.

स्क्रूची गरज कशामुळे निर्माण होते हे समजल्याशिवाय त्याची पारख करता येत नाही, म्हणून ते आधी सांगते. दातावर सौम्य पण सतत दाब राहिला की ज्या बाजूला दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते, उलट बाजूला नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. इथवर सगळे सरळ आहे. अडचण अशी की दाताला ओढायचे तर कशाचा तरी आधार घेऊनच ओढावे लागते, आणि न्यूटनने १६८७ साली मांडलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तोंडातही लागू असतो. दाढांना स्प्रिंग अडकवून पुढचे सहा दात मागे ओढू लागलो की तेवढ्याच जोराने दाढा पुढे ओढल्या जातात. दोन होड्या एका दोराने बांधून एकीतून दुसरीला ओढावे तसेच हे: दोघी मध्येच कुठेतरी भेटतात. दाढांची होडी किनाऱ्याला बांधून ठेवण्याचे जुने उपाय अनेक आहेत. दोन्हीकडच्या दाढा टाळूवरून जाणाऱ्या तारेने एकमेकींना जोडतात, टाळूवर प्लॅस्टिकची टिकली टेकवतात, नाहीतर हेडगिअर लावून मानेचा किंवा डोक्याचा आधार घेतात. यांतले पहिले दोन उपाय शेवटी दातांवर आणि टाळूच्या मऊ त्वचेवरच भार टाकतात, त्यामुळे दाढा थोड्याफार सरकतातच. तिसरा उपाय भक्कम आहे, पण तो रुग्णाच्या शिस्तीवर चालतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलीची शिस्त काय असते ते वर आलेच आहे. स्क्रू मात्र थेट जबड्याच्या हाडात रोवलेला खुंटा असतो. दोर त्याला बांधला की दाढांवर ताण येत नाही.

कल्पना जुनी आहे. गेन्सफर्थ आणि हिग्ली या दोघांनी १९४५ साली कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दात ओढून पाहिले होते. सोळा ते एकतीस दिवसांत सगळे स्क्रू सुटले आणि विषय जवळजवळ बारगळला. १९८३ साली क्रीकमोर आणि एक्लंड यांनी एका रुग्णाच्या नाकाच्या तळाशी असलेल्या हाडात असाच एक स्क्रू बसवला, दहा दिवस थांबून त्याला वरचे पुढचे दात बांधले आणि वर्षभरात ते सुमारे सहा मिलिमीटर वर चढवले. तो स्क्रू मात्र जागचा हलला नाही. पुढे १९९७ साली जपानच्या कानोमी यांनी जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीचा आणि ६ मिलिमीटर लांबीचा स्क्रू वापरला आणि दातांच्या मुळांमधल्या चिंचोळ्या जागेतही खुंटा ठोकता येतो हे दाखवून दिले. आज मिळणारे बहुतेक स्क्रू याच घराण्यातले आहेत. कृत्रिम दातासाठी हाडात बसवतात त्या इम्प्लांटशी याची गल्लत होऊ नये. इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हावा म्हणून काही महिने वाट पाहतात. हा स्क्रू मात्र आट्यांच्या पकडीवर उभा असतो, त्यावर त्याच दिवशी ताण देता येतो, आणि काम संपल्यावर तो काढायचाच असल्याने हाडाशी त्याची फार जवळीक कोणाला नकोच असते.

माझ्या बाबतीत प्रश्न थोडा वेगळा होता. काढण्यासारख्या उपदाढा आता उरल्या नव्हत्या, त्यामुळे वरच्या जबड्यातली दातांची सगळी रांगच मागे न्यायची होती. त्यासाठी आधी वरच्या दोन्ही अक्कलदाढा काढल्या. स्क्रू दातांच्या मुळांमध्ये न बसवता मुळांच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडाकडे चढत जाणारा जो कंगोरा असतो त्यात बसवायचे ठरले. मुळांमध्ये बसवलेला स्क्रू सरकणाऱ्या दातांच्या वाटेत येतो. कंगोऱ्यातला येत नाही. या जागेचे स्क्रू नेहमीच्या स्क्रूंपेक्षा दांडगे असतात. माझे दोन मिलिमीटर जाड, बारा मिलिमीटर लांब आणि स्टेनलेस स्टीलचे होते. मुळांमध्ये बसवायचे स्क्रू सहसा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आणि याहून बारीक असतात. डॉक्टरबाईंनी एक स्क्रू पाकिटातून काढण्याआधी मला दाखवला. टोक सुईसारखे, आटे करकरीत, डोके गोल छत्रीसारखे, आणि त्याखाली स्प्रिंग अडकवण्यासाठी बारीकशी खाच. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर शोभेल अशी ती वस्तू आपल्या गालफडात जाणार आहे हे मनाला पटवायला मला थोडा वेळ लागला.

बसवण्याचा दिवस हा सगळ्यांच्या भीतीचा विषय असतो, म्हणून तो सविस्तर सांगते. क्लोरहेक्सिडीनच्या औषधाने चुळा भरायला लावल्या, हिरडीवर आधी बधिर करणारी जेल आणि मग अगदी थोडे इंजेक्शन. दात काढताना देतात तशी पूर्ण भूल मुद्दामच दिली जात नाही. स्क्रू चुकून मुळाला लागू लागला तर रुग्णाला कळ जाणवायला हवी आणि त्याने हात वर करायला हवा, हे त्यामागचे कारण. आधी भोक पाडले नाही. हे स्क्रू आपली वाट आपणच करतात. हातातल्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने पहिले काही आटे हाडात सरळ गेले आणि मग डॉक्टरबाईंनी हात खाली झुकवून स्क्रूचा रोख बदलला, जेणेकरून तो मुळांना बगल देऊन वर जावा. कळ अशी आली नाही. पण एक खोल, जड दाब गालाच्या हाडातून थेट डोळ्याखाली पोहोचत होता, आणि प्रत्येक वळणाबरोबर ओल्या लाकडात स्क्रू पिळताना येतो तसा करकर आवाज कानाच्या आतून ऐकू येत होता. डोळ्यांतून पाणी आले ते वेदनेने की त्या आवाजाने, हे मला आजही सांगता येणार नाही. एका बाजूला पाच मिनिटेही लागली नाहीत. शेवटी चिमट्याने स्क्रूचे डोके धरून त्यांनी ते चारी दिशांना हलवून पाहिले. खुंटा हलवून बळकट करणे हा वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरत आले होते, पण तो स्वतःच्या जबड्यात ऐकू येईल असे वाटले नव्हते.

लगेच दोन्ही बाजूंना निकेल-टायटॅनियमच्या स्प्रिंग लावल्या. एक टोक स्क्रूला, दुसरे सुळ्याजवळ तारेवर बसवलेल्या हूकला, आणि ताण दर बाजूला तीनशे ग्रॅमच्या आसपास. मुळांमधल्या बारीक स्क्रूंवर याच्या निम्म्याहून थोडा अधिक किंवा त्याहूनही कमी ताण देतात. संध्याकाळी भूल उतरल्यावर साध्या पॅरासिटामॉलने भागले आणि दुसऱ्या दिवशी गोळीची गरज उरली नाही. उपदाढ काढण्याचा आणि स्क्रू बसवण्याचा अनुभव समोरासमोर ठेवला तर स्क्रू कितीतरी सोपा, असे मी ज्यांना ज्यांना सांगते त्यांना ते खरे वाटत नाही.

खरा त्रास गालाचा झाला. स्क्रूचे डोके गालाच्या आतल्या बाजूला घासत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तिथे पांढरट व्रण पडला. बोलताना तो चुरचुरायचा आणि झोपेत त्या कुशीवर वळले की जाग यायची. दवाखान्यातून मिळालेले मेण वाटाण्याएवढे घेऊन डोक्यावर दाबून बसवायचे हा उपाय चालतो, मात्र जागा कोरडी केल्याशिवाय मेण टिकत नाही आणि तोंडात इतक्या मागची जागा कोरडी करणे ही कसरत असते. आठवडाभरात गाल निबर झाला आणि प्रश्न संपला. बसवण्याआधी कोणी हे सांगितले असते तर पहिल्या रात्रीपासूनच मेण वापरले असते.

आता मुख्य तक्रार. पाचव्या आठवड्यात डाव्या बाजूला चावताना बोथट ठणका जाणवू लागला. हिरडी लालसर होऊन स्क्रूच्या डोक्यावर चढू पाहत होती. जिभेचे टोक लावले तर डोके किंचित डोलत होते. दुधाचा दात पडायच्या आधी जसा डोलतो, अगदी तसे. तीन दिवसांनी वेळ मिळाली तेव्हा डॉक्टरबाईंनी चिमट्याने धरून तो जवळजवळ न फिरवताच बाहेर काढला आणि म्हणाल्या, "होतं असं कधीकधी." कधीकधी म्हणजे किती, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. संमतिपत्रावर 'क्वचित प्रसंगी स्क्रू सैल होऊ शकतो' असे एक वाक्य होते, ते मी घरी येऊन पुन्हा वाचले. नंतर शोध घेतला तर २०१२ साली पूर्वीचे बरेच अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मिनी-स्क्रू अपयशी ठरण्याचे प्रमाण सुमारे १३.५ टक्के निघाले आहे. म्हणजे साधारण सात-आठांत एक. दोन स्क्रू बसवले तर त्यांपैकी निदान एक सुटण्याची शक्यता या हिशेबाने पंचवीस टक्क्यांच्या घरात जाते. चारांतल्या एका रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टीला 'क्वचित' म्हणणे मला मान्य नाही. जागेनुसार, स्क्रूनुसार आणि बसवणाऱ्याच्या हातानुसार हा आकडा कमी-जास्त होतो हे मान्य. तरीही हा आकडा मला आधी सांगितला असता तर मी उपचार नाकारला नसता, फक्त पाचव्या आठवड्यात माझ्यावर आभाळ कोसळले नसते.

स्क्रू सुटण्याची कारणे एकाहून अधिक असतात आणि दर वेळी नेमके बोट ठेवता येतेच असे नाही. बाहेरचे टणक हाड पातळ असेल तर पकड मिळत नाही. उलट फार जोर लावून पिळला तर आट्यांभोवतीचे हाड दबून मरते आणि काही आठवड्यांनी पकड सुटते. मुळाच्या फार जवळ बसला तर चावताना दाताला बसणारे धक्के त्यालाही बसत राहतात. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात स्क्रू अधिक सुटतात, याचे आश्चर्य वाटते, कारण खालचे हाड अधिक टणक असते. आणि सर्वांत घरगुती कारण म्हणजे अस्वच्छता. हिरडीचा दाताभोवतीचा घट्ट, फिकट गुलाबी पट्टा आणि त्याच्या वरची सैल, लालसर त्वचा यांत फरक असतो. सैल त्वचेत गेलेल्या स्क्रूवर हिरडी चढते, तिच्याखाली अन्न आणि जंतू साचतात, सूज येते आणि खुंट्याभोवतीची माती भुसभुशीत होते. माझा डावा स्क्रू त्या सीमेच्या किंचित वर होता, आणि दुखते म्हणून मी तिथे ब्रश न्यायला टाळत होते. दोष अर्धा-अर्धा वाटून घेण्यासारखा आहे.

दुसरा स्क्रू जुन्या जागेपासून थोडे पुढे आणि थोडे खाली, तीन आठवड्यांनी बसवला. मधल्या काळात उजवीकडची स्प्रिंगही काढून ठेवली होती, नाहीतर रांग एकाच बाजूला ओढली जाऊन वरच्या दातांची मध्यरेषा नाकाच्या रेषेपासून ढळली असती. एकूण जवळजवळ दोन महिने गेले. नव्या स्क्रूचे पैसे वेगळे घेतले नाहीत, पण ही गोष्ट आधी बोलून लेखी घ्यावी असे मी सुचवेन, कारण सगळीकडे तसे असतेच असे नाही.

त्यानंतर मात्र मी स्वच्छतेच्या बाबतीत हेडगिअरच्या काळातली मुलगी राहिले नाही. एका गुच्छाचा बारीक ब्रश मिळतो, तो सगळ्यांत उपयोगी. त्याचे टोक स्क्रूच्या मानेभोवती सावकाश फिरवायचे, हिरडीला टोचल्यासारखे वाटले तरी थांबायचे नाही, आणि सुरुवातीचे दहा-बारा दिवस क्लोरहेक्सिडीनच्या चुळा भरायच्या. हे औषध महिनोन्‌महिने वापरू नये, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. स्क्रूच्या डोक्यावर विजेचा ब्रश टेकवू नये, असेही मला सांगण्यात आले होते. दिवसातून दोनदा, प्रत्येक स्क्रूला अर्धा मिनिट, एवढाच हिशेब आहे. हेडगिअरच्या बारा तासांपुढे एक-दोन मिनिटे म्हणजे काहीच नाही, आणि या साधनाच्या बाजूने माझे सर्वांत मोठे मत इथेच पडते. स्क्रू रात्रंदिवस काम करतो. तो लावायचा की नाही हा प्रश्न कोणी मला रोज विचारत नाही.

दात सरकण्याची गती सामान्यतः महिन्याला एक मिलिमीटरच्या आत-बाहेर असते, आणि संपूर्ण रांग एकदम ओढायची असेल तर त्याहूनही मंद. पहिले तीन महिने मला आरशात काहीच दिसले नाही. चौथ्या महिन्यात सुळ्यामागे दातांच्या मधला धागा सहज जाऊ लागला, तोवर तो तिथे अडकत असे. सातव्या महिन्यात एक नवी कुरबूर सुरू झाली: पुढचे दात मागे येता येता खालीही उतरू लागले आणि हसताना हिरडी जास्त दिसू लागली. स्प्रिंगची ओढ ज्या रेषेत असते ती रेषा दातांच्या रांगेच्या समतोलबिंदूखालून जात असेल तर सगळी रांग किंचित फिरते, म्हणून असे होते. डॉक्टरबाईंनी तारेवरचा आखूड हूक काढून लांब, हिरडीकडे वर चढणारा हूक बसवला. ओढीची रेषा वर गेली आणि पुढच्या दोन भेटींत दातांचे उतरणे थांबले. खुंटा भक्कम असला तरी दोर कुठे बांधायचा हे कळणारा माणूस लागतोच. केवळ 'आमच्याकडे स्क्रू बसवून मिळतील' या पाटीवर विसंबून दवाखाना निवडू नये. तारांचे यांत्रिक गणित ज्याच्या रोजच्या सरावात आहे अशा ऑर्थोडॉन्टिस्टकडेच, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडेच, जावे. चौदाव्या महिन्यात मोजले तेव्हा वरची रांग साडेतीन मिलिमीटर मागे आली होती. आकडा किरकोळ वाटेल. पण आता माझे ओठ प्रयत्न न करता मिटतात, आणि झोपेतून उठल्यावर तोंड कोरडे पडलेले नसते.

खुंटा म्हणजे अगदी अचल, अशी जी जाहिरात केली जाते तीही थोडी तपासून घ्यावी. लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सोळा प्रौढ रुग्णांच्या स्क्रूंची उपचारांपूर्वीची आणि नंतरची जागा ताडून पाहिली, तेव्हा काहींचे स्क्रू घट्ट असूनही मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकलेले आढळले. म्हणूनच स्क्रू आणि दाताचे मूळ यांत दोन मिलिमीटर अंतर राखावे असे त्यांनी सुचवले. दाढांपेक्षा तो कितीतरी स्थिर आहे हे खरे, पण हाड म्हणजे काँक्रीट नव्हे.

माझ्यापेक्षाही चांगला निकाल माझ्या जाऊबाईंच्या तोंडात लागला, तो इथे नोंदवण्यासारखा आहे. खालची एक दाढ त्यांनी फार वर्षांपूर्वी काढली होती आणि तिची जागा मोकळीच ठेवली होती. समोर टेकायला कोणी नसल्यामुळे वरची दाढ हळूहळू तीनेक मिलिमीटर खाली उतरली, आणि आता खाली कृत्रिम दात बसवायला उंचीच उरली नव्हती. एका दवाखान्यात त्या निरोगी दाढेचे रूट कॅनाल करून ती वरून कापण्याचा सल्ला मिळाला. दुसरीकडे एक स्क्रू गालाच्या बाजूने आणि एक टाळूच्या बाजूने बसवला आणि दाढेच्या माथ्यावरून जाणाऱ्या रबराच्या साखळीने ती वर ओढायला घेतली. एकाच बाजूने ओढली असती तर दाढ कलली असती. सात महिन्यांत ती जागेवर गेली. पूर्ण तोंडाला तारा लावाव्या लागल्या नाहीत. टाळूतल्या स्क्रूमुळे पहिले चार दिवस 'त' आणि 'द' जरा बोबडे यायचे, एवढीच त्यांची तक्रार. दाढ हाडात वर चढवणे ही गोष्ट पूर्वीच्या साधनांनी फार अवघड होती, त्यामुळे या साधनाची खरी कर्तबगारी अशा कामांत दिसते असे माझे मत झाले आहे.

उलट, दात किंचित वाकडे आहेत आणि थोड्या जागेचाच प्रश्न आहे, अशा ठिकाणी कोणी सरसकट स्क्रू सुचवत असेल तर 'आधार नेमका कशासाठी हवा आहे' हे जरूर विचारावे. हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे घेणारे, जबड्याला किरणोपचार झालेले, मधुमेह आटोक्यात नसलेले आणि भरपूर धूम्रपान करणारे यांच्यासाठी हे साधन एकतर वर्ज्य किंवा जोखमीचे आहे. लहान मुलांचे हाड अजून कोवळे असल्याने त्यांच्यात पकड कमी मिळते. धोक्यांपैकी मुळाला ओझरता घाव बसणे हा सर्वांत जास्त बोलला जाणारा. तो वेळीच लक्षात येऊन स्क्रू मागे घेतला तर मूळ बहुधा आपली डागडुजी करून घेते, मात्र दाताच्या नसेपर्यंत इजा गेली तर दात गमावण्याचीही वेळ येऊ शकते. बारीक स्क्रू बसवताना किंवा काढताना तुटू शकतो. माझ्या जागेत सायनसच्या पोकळीत टोक शिरण्याची शक्यता होती. बसवण्याआधी क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये यासाठी एवढे कारण पुरे.

गुण द्यायचेच तर साधनाला पाचपैकी चार. एक गुण डाव्या स्क्रूचा कापला आहे. डॉक्टरबाईंच्या हाताला पूर्ण पाच, आणि उपचारांपूर्वी मिळालेल्या माहितीला दोन.

गेल्या महिन्यात स्क्रू काढले. इंजेक्शन दिले नाही, नुसती जेल लावली. ड्रायव्हर उलटा फिरू लागला तसे हाडातून काहीतरी लांबलचक सरकत बाहेर येत असल्याची विचित्र जाणीव झाली, दोन थेंब रक्त आले आणि दोन्ही बाजू मिळून दोन मिनिटांत काम संपले. डॉक्टरबाईंनी स्क्रू पुसून एका छोट्या पाकिटात घालून हातात दिले. चौथ्या दिवशी जिभेला भोकाची जागा सापडेनाशी झाली. डावीकडे आधीचा स्क्रू सुटला होता ती जागा तर मला आता बोटानेही दाखवता येत नाही. दात मात्र सोडले तर पुन्हा पुढे यायला पाहतात, म्हणून पारदर्शक रिटेनर दिला आहे, आणि तो जेवण आणि ब्रश सोडून सर्व वेळ लावायचा आहे. इथे कोणी खुंटा मारून देत नाही. पहिल्या आठवड्याची नोंद मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर ठेवली होती: सातांपैकी सहा दिवस पूर्ण, आणि बुधवारी तो दुपारभर डबीतच राहिला.